हातांनी घडवलेले विमान : माप, तोल आणि जबाबदारी



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतसाहित्यावर किंवा भाषेच्या भवितव्यावर बोलणार, अशी अपेक्षा असते. मी आज रेडिओ-नियंत्रित विमानाच्या प्रतिकृतीविषयी, म्हणजे ते स्वतः आखावे कसे आणि बांधावे कसे याविषयी बोलणार आहे. निवृत्तीनंतर नातवाच्या निमित्ताने मी या छंदाच्या सहवासात आलो. डिचोलीच्या आमच्या घराच्या ओसरीवर गेल्या काही वर्षांत फोमचे तुकडे, बांबूच्या कामट्या आणि तांब्याच्या तारा यांचा संसार मांडला गेला आहे. त्या संसारात मला जे उमगले ते सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आता आपल्या मुलांच्या डोक्यावरून रोज विमाने जातात. विमान नित्य दिसणे आणि विमान समजणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर आपली शाळा कापू शकेल काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

शब्दाकडून वस्तूकडे

प्रथम माझ्या अधिकारातील गोष्ट. ‘विमान’ या शब्दात ‘मा’ हा धातू आहे. त्याचा अर्थ मोजणे. ‘प्रमाण’, ‘अनुमान’, ‘परिमाण’ हे शब्द त्याच कुळातील. प्रतिकृती बांधणाऱ्या मुलाला ही व्युत्पत्ती प्रत्यक्ष अनुभवता येते, कारण त्याचा पहिला दिवस कात्रीचा नसून फूटपट्टीचा आणि वजनकाट्याचा असतो.

आपल्याकडे विमानविद्येचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास निघते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, असे सांगितले जाते. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी मला आदर आहे. परंतु त्या उड्डाणाची उंची, वेळ, यंत्राचे वजन यांची विश्वसनीय समकालीन नोंद उपलब्ध नाही, आणि मापाची नोंद नसलेले उड्डाण शास्त्राच्या हिशेबात धरता येत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार या संदर्भात दिला जातो, त्याची चिकित्सा १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी केली. तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अभिमान बाळगायचा तर मोजता येईल अशा गोष्टीचा बाळगावा, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

तशी उदाहरणे आहेतही. मुंबईतील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. ते प्रतिकृती नव्हे, पूर्ण आकाराचे विमान आहे. परंतु गच्चीवर विमान बांधणाऱ्या माणसाची आणि ओसरीवर प्रतिकृती बांधणाऱ्या मुलाची वृत्ती एकच असते.

खेळण्याचा इतिहास

प्रतिकृती हे मोठ्या विमानाचे धाकटे भावंड आहे, असा समज आहे. वस्तुतः ती थोरली बहीण आहे. १७०९ मध्ये लिस्बनच्या दरबारात बार्तोलोमेउ दि गुजमांव या पाद्रीने राजा पाचवा जुआंव याच्यासमोर उष्ण हवेने वर जाणाऱ्या कागदी फुग्याचा नमुना दाखवला. त्याच राजाच्या अमलाखाली तेव्हा आपल्या गोव्याचा काही भाग होता. १८०४ साली इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी स्थिर पंख आणि मागे शेपूट असलेले छोटे ग्लायडर उडवले. आजच्या विमानाची बाह्यरेषा तीच आहे. १८७१ मध्ये फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने पिळलेल्या रबरावर चालणारे विमान पॅरिसच्या उद्यानात उडवले. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले आणि ४० मीटर गेले. पेनोच्याच धर्तीवरचे एक उडते खेळणे राइट बंधूंना १८७८ मध्ये वडिलांनी आणून दिले होते. आपल्या कुतूहलाचा आरंभ त्या खेळण्याने झाला, असे ते पुढे सांगत.

रेडिओच्या नियंत्रणाची वाट अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गफ’ नावाच्या विमानाने खुली केली. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी आणखी एक नाव सांगतो. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल यांनी बाल्सा लाकडाचे, पाच किलोहून कमी वजनाचे विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून सोडले. ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे ३,०३० किलोमीटर अंतर कापून ते आयर्लंडमध्ये उतरले. त्या वेळी हिल ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

आखणी : एक उदाहरण

आता प्रत्यक्ष विमानाकडे वळू. हवेतील विमानावर चार बले काम करतात : वजन खाली ओढते, पंखांचे उत्थापन वर उचलते, पंख्याचा रेटा पुढे लोटतो आणि हवेचा अवरोध मागे खेचतो. समतोल उड्डाणात उत्थापन वजनाइतके आणि रेटा अवरोधाइतका असतो. आखणी म्हणजे या चौघांचा आधीच मिटवलेला तंटा.

नवशिक्यासाठी पंखांचा एकूण विस्तार १२० सेंटीमीटर आणि पंखाची रुंदी २० सेंटीमीटर धरू. क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. यंत्रसामग्रीसह विमानाचे वजन ८०० ग्रॅम ठेवले, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३३ ग्रॅम भार येतो. यास पंखभार म्हणावे. एवढ्या पंखभाराला साधारणपणे ताशी २६ किलोमीटरपर्यंत विमान हवेत तरंगू शकते. वेग त्याखाली गेला, की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उत्थापन कोसळते आणि विमान गळून पडते.

आता समजा, मजबुतीच्या हौसेने वजन १,२०० ग्रॅम झाले. वजन दीडपट झाले, पण किमान वेग दीडच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे सव्वापट वाढतो आणि ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास जातो. फरक थोडा वाटतो. परंतु उतरताना जमिनीशी होणाऱ्या धडकेची ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने ती सव्वादोनपट होते. विमान वाचवण्यासाठी घातलेला डिंक आणि लाकूड शेवटी विमान मोडायला कारण होते. म्हणून जाणता बांधणारा ‘आणखी काय लावू’ असे न विचारता ‘आणखी काय काढू’ असे विचारतो.

पंखाचा छेद नवशिक्याने खालून सपाट आणि वरून फुगीर ठेवावा. १९२२ मध्ये आखलेला ‘क्लार्क वाय’ हा छेद अजूनही वापरात आहे. त्याची जाडी रुंदीच्या सुमारे १२ टक्के असते, म्हणजे आपल्या विमानात साधारण २३ मिलिमीटर. पंखांची टोके मध्यापेक्षा थोडी उचललेली असावीत. प्रत्येक बाजूला पाच अंश कोन दिला, तर ६० सेंटीमीटर लांबीच्या अर्ध्या पंखाचे टोक सुमारे ५ सेंटीमीटर वर येते. विमान एका कुशीवर घसरू लागले, की खाली गेलेल्या पंखाला हवा अधिक कोनातून मिळते, तो अधिक उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहते.

आडव्या शेपटीचे क्षेत्रफळ पंखाच्या एक-पंचमांश असावे : ४० सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद पट्टी पुरते. पंखापासून तिचे अंतर पंखाच्या रुंदीच्या पावणेतीनपट, म्हणजे ५५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवावे. उभी शेपूट पंखाच्या आठ ते दहा टक्के पुरे.

माटोळीचे गणित

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य. आपल्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० ते ६५ मिलिमीटर मागे यावा, म्हणजे रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश भागात. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या जागी बोटे टेकवून विमान उचलले असता ते आडवे राहावे, किंवा नाक किंचित खाली झुकावे.

हे कळण्यासाठी गोव्यातील मुलाला परदेशी पुस्तक नको. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधताना त्याने पाहिलेले असते, की जड नारळ मध्याजवळ बांधला तर चौकट फारशी कलत नाही, पण लहानसे फळ टोकाला बांधले की ती झुकते. वजनाला अंतराने गुणले म्हणजे कलण्याचा जोर मिळतो. विमानात शेपूट मध्यापासून दूर असल्याने तेथील दहा ग्रॅमची भरपाई करायला नाकाशी बरेच अधिक वजन घालावे लागते. म्हणून शेपूट हलकी बांधावी आणि बॅटरी पुढे-मागे सरकवता येईल अशी जागा ठेवावी. नाक जड झालेले विमान सुस्त उडते, पण उडते. शेपूट जड झालेले विमान हाताबाहेर जाते आणि बहुधा एकदाच उडते.

सुकाणू आणि संदेश

विमानाला तीन प्रकारे वळवता येते. आडव्या शेपटीची हलती पट्टी नाक वर-खाली करते, तिला एलिव्हेटर म्हणतात. पंखांच्या मागच्या कडेवरील एलेरॉन विमानाला कुशीवर कलवतात. उभ्या शेपटीची पट्टी नाक डावी-उजवीकडे फिरवते. तिला इंग्रजीत रडर म्हणतात आणि मराठीत सुकाणू. हा शब्द अरबी ‘सुक्कान’ वरून समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांनी तो रुळवला. मोरजीच्या रापणकाराच्या घरातील मुलाला सुकाणू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्याच्या होडीचे ज्ञान विमानात कसे उतरते एवढेच दाखवावे लागते. पारिभाषिक शब्द असे माणसांच्या ओळखीचे असले, की विषय परका राहत नाही.

हातातील ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून संदेश धाडतो. पूर्वीच्या संचांत ठरावीक वारंवारतेचे क्रिस्टल असत. एकाच वारंवारतेवर दोघांनी संच सुरू केले, की विमान कोसळत असे. आजचे संच आपापल्या ग्राहकयंत्राशी सांकेतिक खूण जुळवून घेतात, त्यामुळे तो धोका बराच टळला आहे. ग्राहकयंत्र सर्वो नावाच्या छोट्या मोटरला सेकंदाला सुमारे ५० स्पंद पाठवते. स्पंदाची लांबी दीड सहस्रांश सेकंद असेल तर सर्वोची भुजा मध्यावर राहते, एक सहस्रांश असेल तर एका टोकाला जाते आणि दोन असेल तर दुसऱ्या टोकाला. अंगठ्याची हालचाल वेळेच्या मापात बदलते आणि ते माप पुन्हा हालचालीत. आमच्या नातवाने हे मला समजावले, तेव्हा छंदातील लघु-गुरूंची आठवण होऊन मला मोठी गंमत वाटली.

शक्तीसाठी प्रतिकिलो १५० ते २०० वॅट पुरतात. आपल्या ८०० ग्रॅमच्या विमानाला १५० वॅट धरले, तर ११.१ व्होल्टच्या तीन घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीतून साधारण साडेतेरा अँपिअर प्रवाह लागतो. २,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण जोरावर सुमारे आठ मिनिटे वापरावी आणि पाचवा हिस्सा उतरण्यासाठी राखून ठेवावा. निम्म्या जोरावर उडवल्यास वेळ पुष्कळच वाढतो.

आपली हवा, आपली माती

पुस्तकातील विमान कोरड्या थंड देशात बांधलेले असते. आपल्याकडे पावसाळ्यात बाल्सा लाकूड ओलावा धरून वाकते. म्हणून प्रारंभी फोम किंवा पोकळ प्लास्टिकचा पत्रा घ्यावा आणि कण्यासाठी बांबूची कामटी वापरावी. नरकासुराचा सांगाडा उभारणाऱ्या आपल्या मुलांना बांबू कोठे चिरावा, गाठ कोठे ठेवावी हे कोणी शिकवावे लागत नाही. किनाऱ्यावर खारी हवा तारांच्या जोडांना गंज चढवते, तर खाणपट्ट्यातील बारीक लाल धूळ मोटरमध्ये शिरून तिच्या धारव्यांना घासते. उड्डाणानंतर मऊ कुंचल्याने सफाई हवीच. जांभ्या दगडाच्या सड्यावर उतरणे विमानाला सोसत नाही. भातकापणीनंतरचे मोकळे शेत उत्तम, फक्त मेर चुकवावी.

वाऱ्याचे वेळापत्रकही पाठ असावे. सकाळी हवा शांत असते. दुपारी समुद्रावरून वारे सुरू होतात. हरमलच्या कड्यावर पॅराग्लायडिंग करणारे याच वाऱ्यावर तरंगतात, कारण कड्यावर आपटलेला वारा वर वळतो. इंजिनरहित प्रतिकृतीही अशा वाऱ्यात दीर्घकाळ राहू शकते. नवशिक्याने मात्र सकाळच धरावी.

जबाबदारी

हे खेळणे आहे, पण निरुपद्रवी नाही. दहा इंची पंखा मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटर होतो. बोट सापडले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून मोटर जोडून घरात चाचणी घेताना पंखा काढलेला असावा. लिथियम-पॉलिमर बॅटरी प्रत्येक घटास ४.२ व्होल्टहून अधिक भरू नये, फुगलेली वापरू नये, आणि भारित होत असताना जवळ माणूस असावा. उड्डाणापूर्वी प्रत्येक पट्टी योग्य दिशेने हलते ना, संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद होते ना, हे न चुकता पाहावे.

आणि आता पेडण्याचा प्रश्न. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन, आखणी, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठीच्या, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना वेगळा दर्जा देऊन प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून वगळले. परंतु आकाशाची हिरवा, पिवळा आणि लाल अशी विभागणी सर्वांना लागू आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवर जायचे तर परवानगी लागते. त्याहून जवळ निर्बंध अधिक कडक आहेत. पेडणे तालुक्याचा बराचसा भाग मोपापासून या अंतराच्या आत येतो. डिचोली शहर त्या वर्तुळाबाहेर असले, तरी तालुक्याच्या उत्तरेकडील गावांना सावध राहावे लागेल. स्थानिक मनाई आदेशही असू शकतात आणि नियमही बदलतात. यास्तव उड्डाणाच्या आधी केंद्र सरकारचा हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणे आणि आपल्या वजनाच्या विमानाला नोंदणी लागते काय, याची खात्री करणे हा बांधणीचाच भाग समजावा.

ज्या तालुक्यात विमानतळ आला, तेथल्याच मुलांना आपले विमान उडवायला आकाश उरू नये, याची खंत मलाही वाटते. परंतु दोनशे प्रवाशांचे विमान उतरत असताना आपल्या हौसेचा हक्क सांगता येत नाही. या खंतीवर उपाय एकच : पेडण्याच्या मुलांनी बांधावे पेडण्यात आणि उडवावे नकाशाने मोकळ्या ठेवलेल्या जागी. दोन तालुक्यांच्या शाळांनी मिळून अशी एक जागा मालकाच्या व पंचायतीच्या संमतीने निश्चित केली, तर हे काम अवघड नाही.

शाळेने काय करावे

आजकाल उडती यंत्रे तयार मिळतात. पेटी उघडली, कळ दाबली, की ती स्वतःच स्थिर राहतात. त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. परंतु ज्या यंत्राचा तोल संगणक सांभाळतो, ते यंत्र मुलाला तोल शिकवत नाही. गुरुत्वमध्य पाच मिलिमीटर मागे गेला म्हणजे काय होते, हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला वर्गमूळ आणि परिबल पुन्हा शिकवावे लागत नाही. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर एखादा मुलगा किंवा मुलगी असते. तिच्या उत्तरपत्रिकेत गुण नसतात, पण हातात विलक्षण समज असते. अशा मुलांना आपण ‘अभ्यासात कच्ची’ म्हणून सोडून देतो. चाळीस वर्षांच्या अध्यापनात अशी किती मुले पाहिली, याचा हिशेब करताना मन विषण्ण होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पावसाळ्यात कागदाची आणि फोमची हातफेकी ग्लायडर करावीत. प्रत्येक मुलाने वजन, अंतर आणि वेळ यांची वही ठेवावी, आणि ती मराठीत लिहावी. चतुर्थीनंतर पाच-सहा मुलांच्या गटाने वर सांगितलेले विमान आखावे. दिवाळीच्या सुट्टीत विद्युत-जोडणी करावी. कापणीनंतर जाणत्या उड्डाणकाराच्या देखरेखीखाली उडवावे. तोपर्यंत संगणकावरील आभासी उड्डाणाचा सराव चालू ठेवावा. एनसीसीच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात. पुढे जाणाऱ्यांना ती वाट मोकळी आहे.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी विमानतळावर नोकरीला आहेत, कोणी सुतारकामात निष्णात आहेत. शाळेला तुमच्या देणगीहून तुमचे शनिवार अधिक हवे आहेत. एक बळकट टेबल, एक अचूक वजनकाटा, एक कुलूपबंद कपाट आणि आठवड्यातून दोन तास देणारी तीन माणसे एवढ्यावर हे काम उभे राहते. येत्या पावसाळ्यात ते सुरू करावे, अशी माझी विनंती आहे.